फॉरमॅट मारण्याआधी दोन संध्याकाळी राखून ठेवा

कॉम्प्युटर संथ झाला की घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "फॉरमॅट मारून टाक ना." म्हणायला सोपं आहे आणि करायलाही फार अवघड नाही. बऱ्यापैकी मशीनवर विंडोज नव्याने बसायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पण त्याआधीच्या तयारीला दोन संध्याकाळी द्याव्या लागतात, आणि लोकांचं नुकसान होतं ते याच दोन संध्याकाळी वाचवायच्या घाईत. अमळनेर, चोपडा, पारोळा या पट्ट्यातल्या नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची मशीनं मी बरीच वर्षं करून देतोय. विंडोज बसलं नाही म्हणून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं नाही. मुलीच्या बारशाचे फोटो गेले म्हणून आलेलं पाहिलंय. म्हणून इथे तयारीवर जास्त लिहितोय आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट'वर कमी.

पहिली संध्याकाळ: दुखणं नेमकं काय आहे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये डिस्ककडे बघा. काही न उघडताही डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसत असेल आणि ती जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर फॉरमॅटने दोन-तीन महिने बरं वाटेल, मग पुन्हा तेच. अशा मशीनला आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, टाका. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी दहा-बारा वर्षं जुन्या मशीनलाही चालते.

एसएसडीचा दुसरा फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो. नवी एसएसडी लावायची, जुनी डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि विंडोज कोऱ्या एसएसडीवर टाकायचं. जुन्या डिस्कला हातच लागत नाही. काही विसरलं तर ती जोडून काढून घेता येतं. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने शक्य असेल तर याच वाटेने जावं.

आता टाकायचं काय? विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. नोंदणी केलेल्या घरगुती मशीनला वाढीव अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण नव्याने सगळं बसवायचंच असेल तर विंडोज ११ बघावं. त्याला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप) लागतं. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. टीपीएम आहे का ते बघायला विंडोजची कळ आणि आर दाबून, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. 'नाही' असं उत्तर आलं तरी लगेच निराश होऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डात त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम.

मशीन त्याहून जुनं असेल आणि त्यावर फक्त ब्राउझर, फोटो आणि मुलांचे प्रोजेक्ट एवढंच चालत असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला न शिवता. दुकानाचं मशीन असेल तर मात्र आधी विचार करा, कारण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही. अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवायच्या युक्त्या आहेत, पण जिथे जीएसटी भरला जातो त्या मशीनवर मी त्या वापरत नाही.

काय काय वाचवायचं

'डी ड्राइव्हला काही होत नाही, सगळं डीमध्ये टाक' हा सल्ला तुम्ही शंभरदा ऐकला असेल. त्यावर विसंबू नका. सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन वाटे (पार्टिशन) असतात, आणि जुनं मशीन नव्या पद्धतीने बसवताना कधीकधी दोन्ही पुसावे लागतात. का, ते पुढे सांगतो. डीमधला डेटासुद्धा बाहेरच्या डिस्कवर घ्याच.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चार फोल्डर सगळ्यांना आठवतात. न आठवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात.

मराठी फॉन्ट. ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, जुने अर्ज हे आपल्याकडे वर्षानुवर्षं श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप झालेत. हे युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखंच दिसणाऱ्या प्रमाण पद्धतीचे, नाहीत. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नसेल तर 'शाळा' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल शाबूत असते, फक्त वाचता येत नाही. धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांकडे मी हे अनुभवलंय. बावीस वर्षांच्या टिपणांची फाइल उघडली आणि स्क्रीनवर नुसतं कंस, डॉलर आणि उलटी स्वल्पविरामं. सर काही बोललेच नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. जुन्या डिस्कवरून फॉन्ट आणून टाकले तेव्हा पहिली ओळ मराठीत उमटली. म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स हा फोल्डर उघडून आपण वापरतो ते मराठी फॉन्ट कॉपी करून ठेवा. फॉन्टचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर त्याची सीडी, परवाना क्रमांक आणि डोंगलही हाताशी ठेवा.

टॅली. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि शिवाय डेटाचा अख्खा फोल्डर कॉपी करा. त्यात कंपन्यांची नावं दिसत नाहीत, पाच-सहा आकडी फोल्डर दिसतात. त्यामुळे 'हे काहीतरी सिस्टीमचं आहे' असं समजून लोक तेच सोडून देतात. परवाना घेतलेला असेल तर फॉरमॅटच्या आधी एफ१ दाबून सेटिंग्जमधल्या लायसन्समध्ये जाऊन 'सरेंडर लायसन्स' करा, म्हणजे नव्या विंडोजवर तो पुन्हा सुरू करता येतो. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर सही टोकनमध्येच असते, तिला काही होत नाही. फक्त टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, परत टाकावा लागेल.

ब्राउझरमधले पासवर्ड. तुम्ही ज्या खात्याने ब्राउझरमध्ये साइन-इन आहात त्याचा पासवर्ड आत्ताच दुसऱ्या फोनवर टाकून खात्री करा. कित्येकांना तो आठवतच नाही, कारण कॉम्प्युटरच तो लक्षात ठेवत होता.

बिटलॉकर. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू दिसलं, तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नंतर जुना वाटा उघडायची वेळ आली तर हीच किल्ली लागते.

विंडोजचा परवाना. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन. तिथे 'डिजिटल लायसन्स' असा उल्लेख असेल तर तो मशीनच्या बोर्डाशी जोडलेला असतो, कुठला नंबर शोधायची गरज नाही. फक्त होम आहे की प्रो, एवढं लिहून ठेवा. बसवताना तीच आवृत्ती निवडायची असते.

हे सगळं कॉपी झाल्यावर उठू नका. बाहेरची डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, पाच-सहा फोटो, एखादी जुनी वर्ड फाइल आणि टॅलीचा फोल्डर उघडून बघा. मूळ फोल्डर आणि कॉपी या दोन्हींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या जुळवा. ती जुळली म्हणजे पहिली संध्याकाळ सार्थकी लागली.

दुसरी संध्याकाळ: पेनड्राइव्ह

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा रिकामाच घ्या. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून विंडोज ११ चं मीडिया क्रिएशन टूल उतरवा. ते चालवलं की तेच विंडोज उतरवून पेनड्राइव्ह तयार करून देतं.

हे डाउनलोड ५ जीबीच्या वर जातं. खेड्यात रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर चालणाऱ्या घरात ते मध्येच अडकतं. तालुक्याला ज्याच्याकडे फायबर असेल त्या पाहुण्याकडे पेनड्राइव्ह घेऊन जा आणि तिथेच बनवा. कोणत्याही चालू विंडोज मशीनवर बनवलेला चालतो.

मित्राकडून मिळणारं 'सगळं लोड केलेलं' विंडोज मात्र घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. ॲक्टिव्हेट करायच्या नावाखाली जो प्रोग्रॅम 'आधी अँटिव्हायरस बंद करा' म्हणतो, त्याने पुढे काय केलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता. खरं विंडोज ॲक्टिव्हेट न करताही चालतं. कोपऱ्यात एक ओळ दिसते आणि वॉलपेपर बदलण्यासारख्या काही गोष्टी अडतात, इतकंच. पैसे जमेपर्यंत तसं वापरलेलं परवडलं.

त्याच पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्यावर तुमच्या मॉडेलचा वायफाय आणि लॅनचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन ठेवा. लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल तर इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हरही घ्या, उघडून फोल्डरच्या रूपात. त्याचं कारण डिस्क निवडताना कळेल.

लाइट आणि धूळ

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा हे काम सकाळी करा. डेस्कटॉप असेल तर आदल्या दिवशी वायर काढून डब्याची बाजूची झाकणं उघडा. जिनिंगजवळच्या घरांत प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी तयार झालेली असते. मऊ ब्रशने ती काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती गरगर फिरू देऊ नका. संथपणाचं निम्मं कारण कधीकधी इथेच सापडतं.

विंडोज बसत असताना लाइट गेली तर फार बिघडत नाही, पेनड्राइव्ह लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. बायोस अपडेट करताना लाइट गेली तर मात्र बोर्डच निकामी होऊ शकतो. यूपीएस नसेल तर बायोस अपडेटच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जरवरच ठेवा.

सुरुवात

पेनड्राइव्ह लावा, मशीन बंद करून सुरू करा आणि लगेच बूट मेन्यूची कळ टिचक्या मारल्यासारखी दाबत राहा. डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटच्या बोर्डला एफ१२, एचपीला एस्केप किंवा एफ९, एमएसआयला एफ११, असूसच्या लॅपटॉपला एस्केप आणि बोर्डला एफ८. यादीत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय ते निवडा. यादीच येत नसेल तर डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि बूटच्या क्रमात पेनड्राइव्ह पहिला करा. सिक्युअर बूट व टीपीएम बंद असतील तर तेही तिथेच सुरू करा.

भाषा इंग्रजीच ठेवा, पण कीबोर्ड निवडताना यूकेचा निवडू नका. तो निवडला की शिफ्ट आणि २ दाबल्यावर ॲटच्या चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह येतं, आणि मग पासवर्ड चुकतो कसा हेच कळत नाही. यूएस किंवा इंडियाचा घ्या. इंडियाच्या कीबोर्डवर उजवी ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्हही उमटतं.

नव्या विंडोज ११ मध्ये पुढे एक चौकोन टिक करायला सांगतात, सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे म्हणून. तिथे बरेच जण घाबरून थांबतात. टिक केल्याने लगेच काही पुसलं जात नाही, डिस्क निवडण्याची स्क्रीन अजून यायची असते. प्रॉडक्ट की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' वर क्लिक करा, आणि मग लिहून ठेवलेली होम किंवा प्रो आवृत्ती निवडा.

डिस्क निवडताना

आता सगळ्यात महत्त्वाची स्क्रीन. इथे सी आणि डी अशी अक्षरं नसतात. डिस्क ०, पार्टिशन १, पार्टिशन २ अशी रांग असते, आणि ओळखायचं ते आकारावरून.

बऱ्याच वर्षांपूर्वी मामांच्या कृषी सेवा केंद्रातलं मशीन मी करत होतो. आत दोन हार्ड डिस्क, दोन्ही ५०० जीबीच्या. डिस्क ० म्हणजे विंडोजची असं मी धरून चाललो आणि तिचे सगळे वाटे डिलीट केले. विंडोज झोकात बसलं. मग दुसरी डिस्क उघडली तर तिच्यात जुनं विंडोज जसंच्या तसं, आणि मी पुसली होती ती टॅलीच्या बॅकअपची. जुन्या विंडोजमधला चालू वर्षाचा डेटा वाचला, मागच्या तीन वर्षांचा गेला. मामा मागून म्हणाले, "काय व्हयनं भाऊ?" आणि मला उत्तर देता येईना. बिलबुकं काढून त्यांच्या मुनिमाने एका वर्षाच्या नोंदी पुन्हा घातल्या, बाकीच्या राहिल्या त्या राहिल्याच.

तेव्हापासून मी दुसऱ्या डिस्कची वायर काढल्याशिवाय पेनड्राइव्ह लावत नाही. तुम्हीही तेच करा. मशीन बंद करून, प्लग काढून, ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची डेटा केबल काढून ठेवा. याचा आणखी एक उपयोग आहे. दोन डिस्क जोडलेल्या असतील तर विंडोज कधीकधी बूटचा छोटा वाटा दुसऱ्याच डिस्कवर तयार करतं, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

एकच डिस्क समोर आहे, बॅकअप तपासलेला आहे, तर आता एकेक पार्टिशन निवडून डिलीट करा. शेवटी 'अनअलोकेटेड स्पेस' अशी एकच ओळ उरेल. ती निवडून नेक्स्ट. वाटे स्वतः पाडू नका, लागणारे छोटे वाटे विंडोज आपणहून पाडतं.

डी वाचवण्यासाठी फक्त सीचाच वाटा पुसायचं ठरवलं, तर जुन्या मशीनवर एक निरोप येऊ शकतो: डिस्क एमबीआर आहे, जीपीटी हवी. डिस्कची आखणी जुन्या पद्धतीची आहे एवढाच त्याचा अर्थ. सरळ उपाय म्हणजे सगळे वाटे पुसणं, मग विंडोज नवी आखणी स्वतः करून घेतं. डीवर भरवसा ठेवू नका म्हणालो ते यासाठी.

आणि यादीत डिस्कच दिसत नसेल तर एसएसडी मेली असं समजू नका. नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये हे सर्रास होतं. 'लोड ड्रायव्हर' दाबा, पेनड्राइव्हवरचा रॅपिड स्टोरेजचा फोल्डर दाखवा, डिस्क हजर होते.

कॉपी संपली की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. स्क्रीन काळी झाली की पेनड्राइव्ह काढून घ्या. तो राहिला तर पुन्हा पहिली भाषा निवडायची स्क्रीन येऊ शकते, आणि नवखा माणूस तेच काम परत सुरू करतो.

बसल्यानंतर

पहिल्यांदा सुरू होताना विंडोज ११ इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, बहुतेक वेळा कुठलाही ड्रायव्हर न टाकता नेट मिळतं. डेस्कटॉपवर पोचल्यावर विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, रीस्टार्ट करत करत. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळा त्रिकोण कुठे राहिलाय का ते बघा. राहिला असेल तर त्या भागाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून टाका. ड्रायव्हर शोधून देणारी फुकट सॉफ्टवेअरं टाकू नका.

नेट चालू असूनही एकही साइट उघडत नसेल तर घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि साइट्स जोडणी नाकारतात. सीआर२०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, आणि तिथे मराठी भाषा जोडा. तिच्या पर्यायांत 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड घाला. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तो राहू द्या. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. जुने फॉन्ट फक्त जुन्या फाइल वाचण्यासाठी टाका, नवं सगळं युनिकोडमध्येच लिहा. म्हणजे पुढच्या फॉरमॅटला शिक्षक सरांसारखी वेळ येणार नाही.

शेवटी काढून ठेवलेली डिस्कची वायर मशीन बंद करून परत जोडा, टॅलीचा परवाना सुरू करा, प्रिंटरवर एक कागद काढून बघा. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून आवृत्ती आणि तारीख लिहा. बाहेरच्या डिस्कवरची प्रत मात्र महिनाभर तरी पुसू नका. घरातल्या प्रत्येकाने आपापलं सामान शोधून 'सापडलं' म्हणेपर्यंत तिला हात लावायचा नाही.